शिरवळ आलं की कंबर धरते: रोड बाईकवाल्यांनो, तुम्ही काय केलंत?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं रोड बाईक चालवतोय. रविवारी पहाटे पुण्याहून निघायचं, जुना कात्रज, कापूरहोळ, शिरवळ, खंबाटकी, वाई. अंगात उरलं असेल तर पसरणी चढून पाचगणी. आमच्या चौघांचा हा ठरलेला रस्ता. दम पुरतो, पाय पुरतात, कंबर पुरत नाही. शिरवळच्या आसपास डावीकडे, पट्टा बांधतो त्या रेषेत आखडायला लागतं. खंबाटकीच्या चढात ते वाढत जातं. वाईत सायकलवरून उतरलो की ताठ उभं राहायलाच वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ठीक. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत.

वय ४१, उंची ५ फूट ८ इंच, वजन ७८. नोकरी हिंजवडीत, दिवसभर खुर्चीत. सायकल ॲल्युमिनियमची, गिअरचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८, टायर २५ मिमीचे. सीटची उंची दुकानदाराने विकताना लावून दिली, तीच अजून आहे.

डिसेंबरात ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे. २० तास कमरेने साथ दिली पाहिजे. एक मित्र म्हणतो सायकल सोड, पोहायला लाग. दुसरा म्हणतो सवय होईल. तिसरा म्हणतो बाईक फिट (सायकल अंगाच्या मापाने लावून घेणं) करून घे. ज्यांची कंबर खरोखर थांबली, त्यांनी नेमकं काय बदललं ते कृपया सांगा.

कटिंग_चहा
वाईत उतरल्यावर ताठ होता येत नसेल तर ताठ होऊच नका. मेणवलीच्या घाटावर जाऊन आडवे व्हा, संध्याकाळच्या एसटीने परत या. :)

मलाही हाच त्रास आहे, म्हणून धागा वाचतोय.

जुनी_घंटी
आमचे वडील ॲटलस सायकलवर रोज कामावर जात. मागे कॅरिअरला डबा, पुढच्या दांडीवर मी. बाईक फिट कोणी ऐकलं नव्हतं आणि कंबर दुखते म्हणून कोणी घरी बसलं नाही. वाकून सायकल चालवायची हौस कशाला? हँडल वर घ्या, ताठ बसा, दुखणं जाईल.

फिजिओ_ताई
घाटमाथा, आधी काळजीचं सांगते. गुडघ्याखाली उतरणारी कळ, पाऊल उचलताना जोर न लागणं, झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा विनाकारण उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. लघवी-संडासवरचा ताबा सैल वाटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला आणि राहिला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. सीटच्या दाबाने तिथे बधीरपणा अनेकांना येतो, पण सायकलवरून उतरून थोडं चाललं की तो जातो. जो जात नाही तो वेगळा.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. काही तासांनी सुरू होणारं, चढात वाढणारं, दुसऱ्या दिवशी विरणारं दुखणं हे बहुतेक थकलेल्या स्नायूंचं असतं. दिवसभर खुर्चीत बसल्याने मांडीच्या पुढचे, खुब्याचे स्नायू आखूड होतात, मागचेही ताठरतात. मग हँडलकडे वाकताना ओटीपोटाचं हाड पुढे कलत नाही आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांवर येतो. त्या वाकात चार-पाच तास काढायचे आणि वर प्रत्येक पेडलला शरीर स्थिर धरायचं, हे काम पाठीचे छोटे स्नायू करत राहतात. नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागलेच नाहीत तर ते लवकर दमणारच.

एक सोपी गोष्ट करा. सपाट रस्त्यावर मित्राला मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे डुलते का, ते बघा. डुलत असेल तर सीट उंच आहे. बाकी सगळं त्यानंतर.

फिजिओ_ताई
जुनी_घंटी काका, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून: त्या सायकलवर माणूस ताठ बसतो, अर्धा-पाऊण तास चालवतो आणि वेगही बेताचा असतो. इथे प्रश्न सहा तासांचा आहे. शिवाय ताठ बसलं की रस्त्यातला प्रत्येक खड्डा माकडहाडातून सरळ मणक्यात जातो. थोडं पुढे कललं की तो भार हात आणि पाय वाटून घेतात. म्हणून हँडल थोडं वर घेणं बरोबर, पण खुर्चीसारखं बसणं हा उपाय नव्हे.

गिअर_३४
सगळे सीटबद्दल बोलतायत. मला त्याच्या गिअरचा संशय आहे. आकडे बघा. पुढे ३४, मागे २८ दात्यांवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. खंबाटकीत ताशी ९ किमीने चढत असाल तर मिनिटाला ५९-६० फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेरा रेटून मारावा लागतो, आणि तो रेटा देताना माणूस हँडल ओढून कंबर आवळतो. मागे ३४ दात्यांचं चाक असेल तर त्याच वेगाला ७० च्या वर फेरे होतात. वेग तोच, घाट तोच, कमरेवरचा झटका कमी.

११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) टाका. छोट्या पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एवढं मोठं चाक घेत नाही, मागचा डिरेलर लाँग केज, म्हणजे लांब पिंजऱ्याचा, लागेल, आणि चेनही थोडी लांब. तरी महागड्या चाकांपेक्षा स्वस्तात होतं. आपल्याकडे हलका गिअर लावणं कमीपणाचं समजतात, ते आधी डोक्यातून काढा.

आइंदहोवनकर
गिअरच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. मी नेदरलँड्समध्ये असतो. इथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. तरी माझी कंबर दोन वर्षं दुखत होती. कारण वारा. समोरून वारा असला की ड्रॉप्स (हँडलचा खालचा वाक) धरून दोन-दोन तास एकाच आसनात. घाटात निदान उभं राहून चार पेडल मारली जातात, सपाटीवर माणूस हलतच नाही.

मी घड्याळात दर १५ मिनिटांनी गजर लावला. गजर झाला की उभा राहतो, कंबर पुढे ढकलतो, मांजर अंग ताणते तसा ताणतो, हात हूड्सवरून (ब्रेकच्या मुठी) वर घेतो. पंधरा-वीस सेकंदांचं काम. माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक याने पडला, आणि खर्च शून्य.

गिअर_३४
मान्य. पण धागाकर्ता म्हणतोय चढात वाढतं. तुमचं सपाटीवरचं दुखणं आणि त्याचं चढातलं दुखणं एकच असेल असं नाही.

पाणसळ
सीटचा उतार कोणी मोजलाच नाही! इस्राएलमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा १९९९ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. कंबर दुखणाऱ्या हौशी सायकलस्वारांच्या सीटचं नाक १० ते १५ अंश खाली केलं, आणि ७० टक्क्यांहून जास्त लोकांचं दुखणं थांबलं किंवा बरंच कमी झालं. कारण सोपं आहे: नाक खाली गेलं की ओटीपोट पुढे कलतं आणि कमरेचा वाक कमी होतो.

रोड बाईकवर १० अंश मात्र फार होतात. माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो, मग करंगळी बधीर. मी २ अंशांवर थांबलो. मोजायला गवंड्याची पाणसळ सीटवर आडवी ठेवा किंवा फोनमधलं ॲप वापरा. सायकल सपाट फरशीवर हवी, अंगणात नको.

कटिंग_चहा
तुमच्या आयडीचा अर्थ आज कळला.

गोदाकाठ
मी नाशिकची. इथे २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करायची ‘रॅम’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून शहराला सायकलचं वेड लागलं. त्या लाटेतच मी सायकल घेतली. नाशिक–पंढरपूर सायकल वारीही केली. तिथे साध्या घोडा सायकलीपासून कार्बनपर्यंत सगळ्या सायकली दिसतात.

माझ्या कमरेचं कारण मात्र सीटच्या रुंदीत निघालं. सायकलसोबत आलेली सीट अरुंद होती. नाजूक जागी दाब नको म्हणून मी नकळत मागे कलून, पाठ गोल करून बसायचे, आणि त्या गोल पाठीने कसारा चढायचे. दुखणार नाही तर काय? दुकानात बसण्याच्या हाडांमधलं अंतर मोजून त्यापेक्षा थोडी रुंद, मध्ये खाच असलेली सीट घेतली. पाठ आपोआप सरळ झाली. बायकांनी हे नक्की तपासावं, आणि दुकानात विचारायला लाजू नये. पुरुषांनाही लागू आहे, पण ते बोलत नाहीत.

कोराडी_रोड
रॅमचा विषय निघालाय तर नागपूरला विसरू नका. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किमी, १२ दिवसांच्या आत. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. त्या शर्यतीत काहींच्या मानेचे स्नायू इतके दमतात की डोकं वर धरवत नाही. अमेरिकी सायकलपटू मायकेल शर्मर याला १९८३ साली हे झालं, तेव्हापासून त्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. सांगायचा मुद्दा, लांब पल्ल्याला आधी दगा देतात ते पाय नसतात. मान, पाठ, तळहात यांची तयारी वेगळी करावी लागते, नुसत्या किलोमीटरने ती होत नाही.

हिरवी_जर्सी
व्यावसायिकांनाही सुटका नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी १०९ व्यावसायिक रोड सायकलपटूंना विचारलं, तेव्हा ५८ टक्क्यांनी मागच्या वर्षभरात कंबर दुखल्याचं सांगितलं. २०१० चा अभ्यास. त्यांच्याकडे फिटिंगवाले, मालीशवाले सगळे असतात. त्यामुळे “फिट केलं की शंभर टक्के गेलं” असं मानू नका.

ठाणे_वेस्ट
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारतो. येऊरला जाऊन आल्यावर कंबर धरली, डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला डिस्क बल्ज आणि डीजनरेशन लिहिलंय. घरचे म्हणतात गादी सरकली, सायकल विकून टाक. वय ४३. पायात काही नाही. जाहिरात टाकायला हात धजत नाही.

फिजिओ_ताई
ठाणे_वेस्ट, थांबा, जाहिरात टाकू नका. दुखणं अजिबात नसलेल्या माणसांचे स्कॅन तपासलेल्या अनेक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांच्या डिस्कला फुगवटा दिसतो आणि ६८ टक्क्यांमध्ये झीज दिसते. विशीतही ३० टक्क्यांना फुगवटा असतो. केस पिकतात तसंच हे. रिपोर्टमधला शब्द आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहे की नाही, हे तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासून ठरवतील, फिल्म एकटी ठरवू शकत नाही. त्यांना सरळ विचारा: “माझ्या लक्षणांशी हे जुळतं का, आणि सायकलवर कधी परत जाऊ?” बहुतेक कंबरदुखीत पडून राहण्यापेक्षा हालचाल चालू ठेवणं चांगलं.

ठाणे_वेस्ट
ताई, मनापासून आभार. हे घरी वाचून दाखवलं. आईने विचारलं, ही मुलगी कुठली, लग्न झालंय का. (मला नाही, धाकट्या भावासाठी.)

कटिंग_चहा
कंबरदुखीच्या धाग्यावर स्थळ! प्रतिसादांची शंभरी नक्की.

जुनी_घंटी
फिजिओ_ताई, खड्ड्याचा मुद्दा पटला. पण महानारायण तेलाने मालीश आणि शेक याला कोणी नाव ठेवू नका. मी आजही घेतो.

फिजिओ_ताई
नाव कशाला ठेवू काका, शेकाने आखडलेलं सैल होतं, झोप चांगली लागते. जरूर घ्या. फक्त पुढच्या रविवारी तेच दुखणं परत येऊ नये याची तजवीज तेल करणार नाही.

ती तजवीज व्यायामाची. कॅनडातले पाठीच्या यंत्रणेचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम सुचवलेत, सायकलवाल्यांना तेच देते. एक, पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून, कमरेखाली तळवे ठेवून फक्त डोकं-खांदे किंचित उचलणं. दोन, कुशीवर प्लँक (कोपरावर अंग सरळ उचलून धरणं), जमत नसेल तर गुडघे टेकून. तीन, चार पायांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, मग उलट. प्रत्येक ८-१० सेकंद धरायचा आणि सोडायचा. धरून ठेवण्याची वेळ वाढवू नका, फेऱ्या वाढवा. याला सेतुबंधासन जोडा, नितंब जागे होतात. आणि ऑफिसमध्ये दर अर्ध्या तासाने उठा. रविवारच्या सहा तासांइतकेच हिंजवडीतले पाच दिवस महत्त्वाचे आहेत.

पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याचा हट्ट दुखत्या कमरेने करू नये. सकाळी उठल्या उठल्या तर अजिबात नको.

लांब_हात
हँडलच्या अंतराचं राहिलं. हूड्स धरल्यावर कोपर सरळ ताणलेलं असेल तर रीच, म्हणजे हेच अंतर, जास्त आहे. कोपराला थोडा वाक हवाच. स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) १० मिमीच्या टप्प्यांनी मिळतात. ११० ऐवजी ९० लावला तर सायकलच वेगळी वाटते. त्याआधी फुकटचा उपाय: स्टेम काढून उलटा बसवा, हँडल दीड-दोन सेंटिमीटर वर येतं. कार्बनचा स्टीअरर (स्टेम ज्यावर बसतो ती नळी) असेल तर टॉर्क रेंचशिवाय (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हात लावू नका.

आणि पाठीवर पिशवी घेऊन फिरत असाल तर आज बंद करा. पाणी फ्रेमला, सामान सीटखाली.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. व्हिडिओ काढला. कंबर चांगलीच डुलतेय. पिशवी पाठीवर असतेच. पण आता दहा सल्ले झाले. सगळे एकदम करू?

पाणसळ
अजिबात नको. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि गुडघा दुखायला लागला तर का तेही कळणार नाही. आधी सीटची उंची. पायाच्या आतल्या बाजूचं माप घ्या: भिंतीला टेकून, अनवाणी, जाड पुस्तक जांघेत वर दाबून. ते गुणिले ०.८८३. माप ८२ सेंमी आलं तर ७२.४ सेंमी, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जोडलेला आस) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. हा आकडा फक्त सुरुवातीसाठी. पेडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंश वाक राहायला हवा. मोठा बदल निघाला तरी एका वेळी ३-४ मिमीच हलवा, मग दोन-तीन राईड बघा. जुन्या उंचीला सीटपोस्टवर टेप चिकटवून ठेवा.

गिअर_३४
आणि टायर किती भरता? २५ च्या टायरमध्ये ११० पीएसआय भरून फिरणारे खूप बघितलेत. फ्रेममध्ये २८ चा टायर मावत असेल तर टाका, ७८ किलोला ७५-८० पीएसआय पुरे. कात्रज–शिरवळ सेवा रस्त्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे.

घाटमाथा
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. क्रमाने सांगतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

पिशवी पहिल्याच रविवारी गेली, थोडा फरक. सीट टप्प्याटप्प्याने मिळून ९ मिमी खाली आली, मोठा फरक, डुलणं थांबलं. मग महिनाभर बाकी काही न बदलता ताईंचे व्यायाम केले. त्यानंतर ११-३२ कॅसेट आणि लाँग केज. खंबाटकीत आता बसून, बोलत चढतो. आइंदहोवनकरांचा गजर चालू आहे, बरोबरचे तिघेही तो वाजला की उभे राहतात. स्टेमला हात लावावा लागला नाही.

२०० ची बीआरएम साडेतेरा तासांच्या मुदतीत आरामात झाली. कंबर पूर्ण गप्प नव्हती. १५० च्या पुढे डावीकडे परत जाणवलं, पण थांबून दोन मिनिटं चाललो की मोकळं होत होतं. ३०० चं नाव नोंदवलंय. आता उरला प्रश्न: नेहमी डावीकडेच का?

लांब_हात
एक पाय आखूड असेल. क्लीटखाली (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) ३ मिमीची चकती टाकून बघा.

फिजिओ_ताई
चकती लगेच नको. आडवं झोपवून मोजलेला पाय पुष्कळदा आखडलेल्या स्नायूंमुळे आखूड दिसतो. आधी साध्या गोष्टी बघा: सीटचं नाक बरोबर मध्ये आहे का, दोन्ही क्लीट सारखे मागे-पुढे आहेत का. कुशीवरचा प्लँक डावीकडे आणि उजवीकडे सारखाच वेळ धरता येतो का? एका बाजूला हात-पाय लवकर थरथरत असतील तर मला लिहा.

घाटमाथा
आत्ताच केला. डावी बाजू उजवीच्या निम्म्या वेळात खाली आली.

फिजिओ_ताई
मग तिथेच काम करायचं. डावीकडे फेऱ्या जास्त, उजवीकडे नेहमीच्या. ३०० आधी सहा आठवडे आहेत ना? शेवटचा आठवडा हलका ठेवा, आणि क्लीटला बीआरएमपर्यंत हात लावू नका.

ठाणे_वेस्ट
डॉक्टरांनी परवानगी दिली, उद्या येऊर. फक्त पायथ्यापर्यंत. भाऊ सोबत येतोय.